मधला शनिवार

गुरुवारपासून घंटा गप्प आहे.
पोरं लाकडाचा खटखटा वाजवत फिरली वाडीतून.
फॅक्टरीत काजू फोडतात तसाच आवाज,
म्हणून दोनदा वाटलं, आज सुट्टी नाही.

इगर्ज साफ करायची पाळी माझी आणि रोजालीनची.
ती फुलदाण्या घासते. मी मेण खरवडते
बोथट सुरीने, लोखंडी तबकावरून,
वर्षभर गळलेलं:
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची बारावी,
वरच्या वाडीतल्यांची कोर्टाची तारीख,
आणि काही माझं.
माझं कुठलं ते आता ओळखत नाही.

इनास अकरा महिने
शारजाच्या समोर एका बोटीवर आहे.
बोट चालत नाही. मालक फोन उचलत नाही.
पगार नाही, डिझेल नाही,
पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे ठाऊक नाही.
रात्री किनारा दिसतो म्हणे,
हॉटेलांची नावंसुद्धा वाचता येतात.
सिग्नल लागला तर मंगळवारी बोलतो:
"आये, बरो आसय. पाणी मोजून दितत.
तू गोळी घेतलंस?"
आणि मग तुटतं, नेहमी माझ्याच वाक्यात.

मागे एका रविवारी फादर म्हणाले,
नांगर ही आशेची खूण.
वेदीच्या कापडावर भरलाही आहे तो, निळ्या दोऱ्याने.
मी प्रवचनातून उठले,
बाहेर नळाखाली हात धुतले.
काजूचा चीक पाण्याने जात नाही
हे मला तीस वर्षं माहीत आहे.
माझा मुलगा नांगरालाच तर बांधलाय, फादर.
हे त्यांना नाही म्हटलं. नळाला म्हटलं.

आज सायबीण जांभळ्या कापडाखाली.
साक्राराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही.
लहानपणी या दिवसाची भीती वाटायची.
शुक्रवारी रडायला मिळतं,
रविवारी सोरपोतेल.
शनिवारी काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

त्या बायांनी काय केलं असेल?
थडग्याशी जायला मनाई, चूल पेटवायला मनाई.
बसल्या असतील नुसत्या.
एकीने दुसरीच्या केसांतला गुंता सोडवला असेल,
घागरीत पाणी किती उरलंय ते पाहिलं असेल.
त्यांना कुठे ठाऊक होतं
हा मधला दिवस आहे?
त्यांना तो शेवटचाच वाटत होता.

मागच्या पडवीत चूल. टोपात मेण वितळतं.
वर तरंगतात काजळलेल्या वाती, काडीचा तुकडा, एक माशी.
फडक्यातून गाळलं तरी पांढरं होत नाही,
पिवळसर राहतं,
इनासच्या दुधाच्या दातांसारखं.
पाइपाच्या तुकड्यात वात ताणून धरते रोजालीन,
मी ओतते.
"सरळ धर."
"धरलंय गो."
तिचा नवरा गेल्या साली गेला.
देवाची इच्छा, असं ती मला कधी म्हणत नाही,
म्हणून तिच्याजवळ मला देवाशी बोलता येतं.

कुणाचा नवस कुणात मिसळला
ते आता त्यालाही वेगळं काढता यायचं नाही.
बरंच झालं.
रात्री अंगणात सगळे दिवे मालवतील,
एका ज्योतीवरून दुसरी पेटत येईल मागपर्यंत,
आणि मुंबईहून आलेल्या कुणा बाईच्या मुठीत
माझी अर्धी काळजी जळेल.
साडीवर मेण पडू नये म्हणून ती कागद धरील.
तिला कळणारही नाही
ती इनाससाठी उभी आहे.
मीही कुणासाठी तरी उभी असेन,
नाव न विचारता.

मेण निवेपर्यंत काही करता येत नाही.
घाईने काढलं तर मधोमध मोडतं.
पायरीवर बसते. खाली माडांमधून समुद्र,
त्याचाच हा, इकडचा काठ.
रोजालीन वाटीत पेज आणते, वर लोणच्याची फोड.
फोन मांडीवर उलटा ठेवलाय.
आज मंगळवार नाही.

"निवला काय गो?"
"नाय अजून."